हरळी, दूर्वा, लॉन

एकाच गवताला मराठीत तीन नावे आहेत, आणि ती वापरणारी माणसे जणू तीन वेगळ्या गवतांबद्दल बोलत असतात. शेतकऱ्याच्या तोंडी ते हरळी असते, आणि हा शब्द तो शिवी हासडल्यासारखा उच्चारतो. भाद्रपदात तेच गवत दूर्वा होते, जुड्या बांधून बाजारात येते आणि एकवीसच्या हिशेबाने गणपतीच्या मस्तकी चढते. बंगल्यापुढे, क्रिकेटच्या मैदानावर किंवा मंगल कार्यालयाच्या मागच्या मोकळ्या जागेत पसरले की त्याचे लॉन होते. वनस्पतिशास्त्राला मात्र एक नाव पुरते : सायनोडॉन डॅक्टिलॉन. लिनिअसने १७५३ मध्ये त्याची नोंद दुसऱ्या प्रजातीत केली होती. पर्सूनने १८०५ मध्ये त्याला आजच्या जागी आणून बसवले. नावाचा अर्थ साधा आहे. पहिला शब्द कुत्र्याच्या दातावरून आला, दुसरा बोटांवरून. फुलोऱ्याच्या काड्या पंज्याच्या बोटांसारख्या फाकतात, म्हणून.

या तीन नावांच्या मधल्या भिंतीबद्दल मला लिहायचे आहे. लॉन हा आपल्याकडे बागकामाचा विषय मानला जातो आणि त्यावरचे लेखन रविवारच्या पुरवण्यांत, पाककृती आणि राशिभविष्य यांच्या शेजारी येते. माझे म्हणणे असे की लॉन हा आधी वाचनाचा विषय आहे. ते कसे दिसावे, कसे राखावे, आणि मुख्य म्हणजे ते निरोगी कधी म्हणावे हे आपण पुस्तकांतून शिकलो. ती पुस्तके ज्या हवेत लिहिली गेली ती हवा आपली नव्हती. हवा बदलली तरी वाक्ये तीच राहिली. त्या वाक्यांची किंमत आपण पाण्यात मोजतो आहोत.

मी वनस्पतिशास्त्राचा पदवीधर नाही, साहित्याचाही नाही. नोकरी सांभाळून गेली पंचवीसेक वर्षे जुन्या बाजारातून, रद्दीवाल्यांकडून बागकाम आणि शेतीची पुस्तके गोळा करत आलो, आणि ती कादंबऱ्या वाचाव्यात तशी वाचत आलो. कोण बोलतो आहे, कोणाला सांगतो आहे, काम कोणी करायचे असे त्याने गृहीत धरले आहे, हे प्रश्न या पुस्तकांना सहसा कोणी विचारत नाही.

आधी गवताविषयी. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्याकडे नांगरटीनंतर मुलांना एक ठरलेले काम असे, काशा वेचण्याचे. नांगराने उलटलेल्या ढेकळांतून हरळीच्या पांढऱ्या, गाठीगाठींच्या काशा ओढून काढायच्या, बांधावर ढीग घालायचा, वाळला की पेटवायचा. बोटाच्या पेराएवढा तुकडा ढेकळात राहिला तरी पहिल्या पावसात तिथे पाते दिसे. हरळी, कुंदा आणि लव्हाळा ही काळ्या रानातली तीन जुनी दुखणी. त्यांतली हरळी सर्वांत चिवट नसेल कदाचित, पण सर्वांत ओळखीची. नांगरट चैत्र-वैशाखात खोल का करायची, याचे एक कारण हेच, की काशा वर याव्यात आणि उन्हात मराव्यात. हरळी मारण्यासाठी दख्खनच्या शेतकऱ्याला वर्षातले सगळ्यांत कडक ऊन लागते आणि तेही पुरतेच असे नाही. उन्हाळ्यात हरळी जगवायची कशी, या प्रश्नावर खर्च होणारा कागद पाहिला की मला त्या ढिगांची आठवण होते.

तिच्या चिवटपणाचे रहस्य गाठींत आहे. प्रत्येक गाठीतून खाली मूळ आणि वर कोंब फुटू शकतो. जमिनीवरून धावणाऱ्या खोडांतूनही आणि जमिनीखालच्या काशांतूनही. यजुर्वेदात दूर्वेला उद्देशून मंत्र आहे, त्यात ती पेरापेरांतून वाढते म्हणूनच तिच्याकडे वंशवृद्धी मागितली आहे. निरीक्षण अगदी अचूक आहे. शेतकऱ्याची तक्रार आणि ऋषींची प्रार्थना एकाच गाठीवर बोट ठेवतात. भाद्रपद शुद्ध अष्टमीला दूर्वेचे व्रत असते, तेही संततीसाठीच. गणपतीच्या कथेत तिचे काम निराळे आहे. अनलासुर गिळल्यावर देवाच्या अंगाचा दाह झाला, चंद्र, कमळे, पाणी असे सगळे उपाय थकले आणि अखेर ऋषींनी वाहिलेल्या एकवीस-एकवीस दूर्वांनी तो शमला. गवत म्हणजे उष्णतेवरचा उतारा, ही कल्पना आपल्याकडे लॉन यायच्या कितीतरी आधी पक्की झाली होती, हे ध्यानात ठेवावे.

शरीरशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर हरळी ही उन्हाळी गवतांपैकी आहे. मका, ज्वारी, ऊस यांच्यासारखी तिची प्रकाशसंश्लेषणाची रीत कडक उन्हाला आणि ३० अंशांच्या आसपासच्या तापमानाला सोयीची असते. इंग्लंडच्या लॉनमधली राय आणि फेस्क्यू ही गवते याच्या उलट, १५ ते २४ अंशांत खुलणारी; आपल्या मार्चमध्येच ती जीव टाकतात. हरळीचे दोन शत्रू ऊन नव्हेतच. एक सावली, दुसरे साचलेले पाणी. थंडीतही ती मंदावते. नाशिक-पुण्याकडे मार्गशीर्ष-पौषाच्या रात्री पारा दहाच्या खाली उतरला की ती तपकिरी पडते. पाणी तुटले तर ती पाने सोडून देते आणि जीव काशांत नेऊन ठेवते. वैशाखातली पिवळी हरळी मेलेली नसते, ती थांबलेली असते. हे शेतकऱ्याला माहीत आहे, कारण त्याचीच तर फसगत होते. लॉनवाल्याला मात्र हे कोणी सांगत नाही.

आता पुस्तकांकडे वळतो. ‘लॉन’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. रानातल्या मोकळ्या, झाडे नसलेल्या जागेला तो म्हणत. अठराव्या शतकात इंग्रज जमीनदारांनी वाड्याच्या पायरीपासून क्षितिजापर्यंत गवत पसरवले. ते कापायला मेंढ्या आणि विळेवाली माणसे होती. १८३० मध्ये ग्लॉस्टरशरमधल्या एडविन बडिंग या कारागिराने गवत कापायच्या यंत्राचे पेटंट घेतले. कापडगिरणीत लोकरी कापडावरची लव कातरायचे यंत्र होते, त्यावरून त्याला ही युक्ती सुचली. तेव्हापासून गवताची तुलना कापडाशी, गालिच्याशी, मखमलीशी होत राहिली ती काही केवळ कवींची हौस नव्हे. ते गवत खरोखरच कापडाच्या यंत्राने कातरले जात होते. आपल्याकडच्या बागकामाच्या लेखांत ‘मखमली हिरवळ’ हा शब्द दर तिसऱ्या परिच्छेदात भेटतो, तो त्या गिरणीतून आलेला आहे.

लॉनवरची सर्वांत धारदार टीका थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने केली, त्याच्या ‘थिअरी ऑफ द लेझर क्लास’ या १८९९ च्या ग्रंथात. त्याचा मुद्दा असा : कातरलेले लॉन श्रीमंताला आवडते कारण ते मूळचे गायरान आहे, गुराखी पूर्वजांच्या डोळ्यांना ते सुखावते. मग त्यावर गाय का सोडत नाहीत? कारण गाय उपयोगाची आहे, आणि उपयोग दिसला की काटकसरीचा वास येतो. म्हणून गायीऐवजी हरणे सोडायची, नाहीतर यंत्र फिरवायचे. लॉन म्हणजे जमीन असूनही तिच्यापासून काही न घेण्याची ऐपत.

हे विवेचन मी अनेकदा वाचले आहे आणि दर वेळी त्यातल्या खवचटपणाला दाद दिली आहे. आपल्याकडच्या इंग्रजी लेखनात लॉनचा विषय निघाला की त्याचा दाखला येतोच. पण ते दख्खनला लावून पाहिले की दोन ठिकाणी फाटते. पहिले ठिकाण म्हणजे पूर्वजांची स्मृती. (व्हेब्लेन ती लांबट डोक्याच्या गोऱ्या वंशाच्या वारशात शोधतो, तो भाग आता त्याच्या चाहत्यांनाही वाचवत नाही.) आमचे गायरान कोणी फाल्गुनानंतर पाहिले असेल त्याला ते लॉनसारखे दिसणे शक्य नाही. पावसाळ्यात चार महिने हिरवे, दिवाळीनंतर सोनेरी, आणि होळीपासून मृगापर्यंत नुसती धूळ व गुरांच्या खुरांचे ठसे. गुरे चरून लॉन तयार होते ते पाऊस बारमाही शिंपडणाऱ्या देशात. येथे गुरे चरून मुरूम उघडा पडतो. तेव्हा नगर-सोलापूरकडच्या माणसाला लॉन आवडते ते गायरानाची आठवण म्हणून नव्हे. तसे काही त्याने कधी पाहिलेलेच नाही. त्याच्या डोळ्यांना उन्हाळ्यात अशी सलग, गुडघ्याखालची हिरवळ फक्त एका ठिकाणी भेटते : कालव्याच्या किंवा विहिरीच्या पाटालगत.

दुसरे फाटते ते ऐपतीच्या हिशेबात. व्हेब्लेनचे लॉन पडीक ठेवलेली जमीन मिरवते. येथे जमीन पडीक असणे ही मिरवण्याची गोष्ट नाही, तालुक्याच्या तालुक्यात जमीन पडीकच असते. येथे लॉन मिरवते ते पाणी. मे महिन्यात बंगल्यापुढचा हिरवा चौकोन रस्त्यावरच्या माणसाला सांगतो तो निरोप जमिनीचा नाही, बोअरचा आहे. म्हणून युरोप-अमेरिकेतली लॉनविषयीची टीका जशीच्या तशी उचलून आपले भागत नाही. तिच्यात आळस, रिकामपण, शेजाऱ्याची स्पर्धा हे सगळे आहे. तहान नाही.

आपल्याकडच्या इंग्रजांनी हा निरोप नीट ओळखला होता का? एडवर्ड हॅमिल्टन एटकन हे नाव आता निसर्गप्रेमींखेरीज फार कोणाला ठाऊक नसते. ‘ईहा’ या टोपणनावाने ते लिहीत. जन्म साताऱ्याचा, १८५१ चा. वडील स्कॉटिश मिशनरी. पुण्यात डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवले, पुढे जकात आणि मिठाच्या खात्यात नोकरी. मुंबईत १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी ते एक. १८८९ च्या ‘बिहाइंड द बंगलो’ या पुस्तकात त्यांनी बंगल्यातल्या नोकरांची एकेक शब्दचित्रे काढली. त्यांत माळ्यावर एक प्रकरण आहे आणि भिस्त्यावर एक. विनोद मायेचा आहे, हे मान्य. निरीक्षण तर एखाद्या पक्ष्याच्या सवयी टिपाव्यात असे. पण मला खटकते ते प्रकरणांचे वाटप. माळी एका प्रकरणात, भिस्ती दुसऱ्या प्रकरणात. दोघेही आपापल्या जागी गमतीदार नमुने. बाग मात्र त्या दोघांच्या मधल्या कोऱ्या जागेत आहे. एका गुंठ्याला, म्हणजे सुमारे शंभर चौरस मीटरला, उन्हाळ्यात दिवसाला पाचशे लिटर पाणी लागते असे धरू (हा हिशेब पुढे देतो). मशकीत तीसेक लिटर मावते असे धरले, तर एक गुंठा हिरवा ठेवायला भिस्त्याच्या पाठीवरून सोळा-सतरा मशकी. रोज. हे गणित लेखकाला करता आले नसते असे नाही, ते तर कर वसूल करणाऱ्या खात्यात होते. पण व्हरांड्यातल्या खुर्चीतून माळी आणि भिस्ती दिसतात, त्यांच्यामधले पाणी दिसत नाही.

नोकरांच्या शब्दचित्रांत निदान नोकर तरी आहेत. बागकामाच्या मार्गदर्शक पुस्तकांतून तेही नाहीसे होतात. या पुस्तकांतले सर्वांत दीर्घायुषी म्हणजे फर्मिंजरचे. टॉमस फर्मिंजर हे बंगालमध्ये धर्मोपदेशक होते; १८६० च्या दशकात निघालेल्या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच ‘बंगाल आणि वरचा हिंदुस्थान’ असे होते. पुढच्या आवृत्त्यांत ते ‘हिंदुस्थानासाठी’ झाले. एक आवृत्ती तर पुण्याच्या शेती महाविद्यालयातले वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बर्न्स यांनी सुधारून काढली. गंगेच्या गाळात जुळलेले पुस्तक अखेर दख्खनच्या हातात आले. या एका पुस्तकापुरते हे मी म्हणत नाही, पण त्या घराण्यातली पुस्तके एकापुढे एक ठेवून वाचली की एक व्याकरण दिसते. जमीन खणली जाते, दगड वेचले जातात, गवत लावले जाते, पाणी दिले जाते. सगळे कर्मणी. कर्ता एकदाच येतो, तोही ताकीद द्यायला : माळ्यावर लक्ष ठेवावे.

हे व्याकरण मराठीत उतरले आणि घट्ट बसले. आमच्या सदरांतही ‘पाणी द्यावे’, ‘खत घालावे’, ‘तण काढून टाकावे’. तण! हरळीच्या लॉनमधले तण म्हणजे लव्हाळा, आणि तो काढणारी बाई म्हणजे जी शेतात हरळी काढते तीच. सकाळी शेतात हरळी उपटायची आणि दुपारी शहराच्या कडेच्या बंगल्यात तिच्या रक्षणासाठी खुरपे धरायचे, असा दिवस घालवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांना याचे काही वाटत नाही, हेही सांगितले पाहिजे. एकीला मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “रोजगार दोन्हीकडं सारखाच हाय, भाऊ.”

व्याकरणाइतकीच चुकीची आली ती दिनदर्शिका. इंग्लंडात गवत वसंतात जागे होते म्हणून लॉनचे वर्ष मार्चपासून चालू होते : मार्चमध्ये खत, एप्रिलपासून कापणी. आमच्या सदरांतही ‘वसंताची चाहूल लागताच लॉनला खत द्या’ हे वाक्य मी दर दोन-तीन वर्षांनी वाचतो. दख्खनमध्ये फेब्रुवारी-मार्चमध्ये नत्र देणे म्हणजे पुढे पाण्याचे कर्ज काढणे आहे. कोवळी पालवी फुटते, बाष्पीभवन वाढते आणि एप्रिलमध्ये मालक घाबरून रोज संध्याकाळी पाइप धरतो. आमच्या गवताचे वर्ष मृगापासून आहे. नवे लॉन लावायचे ते मृग-आर्द्रात, खत द्यायचे ते पाऊस बसल्यावर आणि पुन्हा एकदा पाऊस ओसरताना. नक्षत्रांचे हे कोष्टक पंचांगात छापून येते, आणि त्याच घरात बागेचे कोष्टक इंग्रजी महिन्यांचे असते.

माझा राग सल्ल्यांवर नाही, सल्ल्याच्या मुळाशी धरलेल्या चित्रावर आहे. कारण उष्ण हवेत गवत चांगले राखण्याचे ज्ञान पक्के आहे आणि फार अवघडही नाही. उन्हाळ्यात गवत उंच ठेवायचे, चारेक सेंटिमीटर. एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशाहून जास्त कापायचे नाही. पाते जितके खुरटे, मुळे तितकी उथळ. रोज संध्याकाळी वरवर शिंपडण्याने मुळे वरच राहतात आणि बुरशीला आमंत्रण मिळते. त्याऐवजी चार-पाच दिवसांनी पहाटे, वीतभर खोल मुरेल असे पाणी द्यायचे. काळ्या मातीत निचरा आधी करायचा, नाहीतर श्रावणातच मुळे गुदमरतात. आंब्याच्या सावलीत हरळी येत नाही. तिथे हट्ट धरू नये. आणि लावण्याच्या ज्या चार पद्धती आपली पाठ्यपुस्तके सांगतात (बी पेरणे, तुकडे टोचणे, गवताचे थर आणून अंथरणे आणि लिंपणे) त्यांतली चौथी मला फार आवडते. हरळीचे तुकडे करायचे, ते माती, शेण आणि पाण्यात कालवायचे आणि तो लगदा ओल्या जमिनीवर सारवायचा. अंगण सारवणाऱ्या कोणाही बाईला ही पद्धत शिकवावी लागणार नाही. आश्चर्य असे की पाठ्यपुस्तक तिला इंग्रजी नाव देते आणि ‘सारवण’ हा शब्द लिहायला लाजते.

चित्र मात्र चुकते ते ‘निरोगी’ या शब्दात. बारा महिने हिरवे ते निरोगी, ही व्याख्या कोठून आली? वैशाखात पिवळे पडणारे आणि आषाढात आपोआप उठणारे गवत उष्ण कोरड्या प्रदेशातले निरोगी गवतच आहे. त्याने आपले काम चोख केले आहे. त्याला पंधरा-वीस दिवसांनी काशा जिवंत राहतील एवढा ओलावा मिळाला तरी पुरतो. त्याला तेव्हा हिरवे ठेवणे ही शुश्रूषा नव्हे, सजावट आहे. सजावटीला माझा विरोध नाही. पण तिला आरोग्य म्हणू नये.

हीच व्याख्या आपल्या वास्तूंवरही फिरली आहे. ताजमहालासमोरचे सपाट लॉन आपण शाहजहानचे समजतो. फ्रान्स्वा बर्निएने सतराव्या शतकात तिथे झाडांची छाया असलेल्या वाटा आणि फुलांनी भरलेले वाफे पाहिले होते. आजचा सपाटपणा मुख्यतः लॉर्ड कर्झनच्या काळातल्या दुरुस्तीचा, विसाव्या शतकाच्या आरंभीचा. पुण्यात शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला. आज त्याच्या चौथऱ्यांमध्ये कापलेले गवत आहे. सहलीला आलेली मुले तिथे डबे खातात, आणि ते छानच आहे. पण चौक, दालने आणि भिंती यांच्या जागी सलग हिरवा रंग भरला की राजकारण, कारस्थाने, खून असे सगळे पाहिलेली जागा उद्यानासारखी शांत दिसू लागते. अवशेषांभोवती लॉन लावणे हाही एक प्रकारचा मजकूर आहे, आणि तो कोणी तपासत नाही.

राहिला पाण्याचा हिशेब. एक मिलिमीटर पाणी एक चौरस मीटरवर पसरले की एक लिटर होते. मे महिन्यात आपल्याकडच्या कोरड्या जिल्ह्यांत हिरवी हरळी दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी उडवते असे मी धरतो. म्हणजे गुंठ्याला पाचशे लिटर, एकराला वीस हजार. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागात माणशी ५५ लिटर हा निकष आहे. त्या मापाने एक एकर लॉन साडेतीनशेहून अधिक माणसांचे पाणी पिते. लहानशा वस्तीचे.

२०१६ मध्ये हा हिशेब न्यायालयात गेला. मराठवाड्यात दुष्काळ होता. मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे १२ एप्रिलला पोहोचली, पाच लाख लिटर घेऊन. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे १३ सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले. मैदाने राखायला साठ लाख लिटर लागतील असा आकडा त्या वादात फिरत होता. लातूरच्या त्या पहिल्या गाडीसारख्या बारा गाड्या. हा निकाल मला तेव्हा योग्य वाटला, आजही वाटतो. पण त्याभोवती वृत्तपत्रांत जे लिहिले गेले ते वाचताना एक गणित मनात राहून गेले. उसाला लावणीपासून तोडणीपर्यंत सुमारे दोन हजार मिलिमीटर पाणी लागते. एकराला होतात ऐंशी लाख लिटर. म्हणजे सगळ्या मैदानांचे साठ लाख लिटर ही पाऊण एकर उसाची तहान. मराठवाड्यात तेव्हाही ऊस उभा होता.

यावरून कोणी म्हणेल, मग लॉनला कशाला बोलता? ऊस पिकवणाऱ्याचे घर उसावर चालते. त्याची आणि मैदानाची तुलना सरळ नाही, हे मला कळते. पण संपादकीयांची उंची पाहा. लॉनवर इतकी शाई सांडली कारण लॉन दिसते. ते दूरचित्रवाणीवर येते, त्याचा हिरवा रंग कॅमेऱ्याला आवडतो. उसाचे पाणी उसात लपते. लॉनवर रागावणे सोपे असते, आणि ज्या टीकेला आपला विषय सोपा वाटतो तिने एकदा थांबून पाहावे असे मला वाटते. त्या वादात मंडळांच्या बाजूने प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरण्याची तयारी दाखवली गेली होती, ती बातमी आतल्या पानांवर गेली. वास्तविक हरळी बऱ्यापैकी खारट पाणी सोसते. सांडपाण्यावर राखलेली मैदाने हा या विषयातला सर्वांत कामाचा भाग होता.

याच काळात आपल्याकडे हा शब्द आणखी एक पाऊल पुढे गेला. नाशिक, नगर, संभाजीनगर, कोणत्याही गावाबाहेरच्या रस्त्याने जा. एकामागून एक पाट्या दिसतात, ‘अमुक लॉन्स’. अनेकवचनी. मंगल कार्यालयाला भिंती आणि छप्पर असे, लॉन्सला फाटक आणि दिवे असतात. लग्नसराई नेमकी चैत्र-वैशाखात, म्हणजे गवताने झोपी जायच्या दिवसांत. त्यामुळे दोनच मार्ग उरतात : टँकर, नाहीतर प्लास्टिक. गेल्या काही वर्षांत मी जेवलो त्या लॉन्सपैकी निम्म्यांवर तरी पायाखाली हिरवा कृत्रिम गालिचा होता. भर उन्हात त्याचे तापमान साठ अंशांच्या पुढे जाते. लग्ने संध्याकाळची होऊ लागली याला इतर कारणे आहेत, पण हेही एक असावे. गवत गेले तरी पाटीवरचा शब्द राहिला.

क्रिकेटच्या आणि गोल्फच्या मैदानांवर आता अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात टिफ्टन येथे तयार झालेले हरळीचे संकर असतात. बर्म्युडा ग्रास या नावाखाली ते विकले जातात, जरी त्या बेटाशी या गवताच्या जन्माचा काही संबंध नाही. त्यांना बी धरत नाही. दर वेळी थर किंवा तुकडे विकत आणावे लागतात. पाते बारीक, रंग गडद, वाढ बुटकी. घरगुती लॉनसाठी रोपवाटिकेत ‘सिलेक्शन वन’ मागितले की मिळते ती मात्र आपली हरळीच, निवडून घेतलेली.

गणेशोत्सवाच्या आठवड्यात मी दरवर्षी एक चौकशी करतो. ज्यांच्या दारात असे हरळीचे लॉन आहे त्या घरांत दूर्वा कोठून येतात? उत्तर जवळजवळ नेहमी सारखेच मिळते : मंडईतून. कारण विचारले तर सांगतात की लॉन परवाच कापले, टोके नाहीत, किंवा त्यावर औषध मारले आहे, किंवा नुसतेच, “ते लॉन आहे हो, त्यात दूर्वा कुठल्या?” मंडईत त्या विकणाऱ्या बायका पहाटेच्या एसटीने येतात. जुड्या त्यांनी आदल्या संध्याकाळी बांधावर बसून खुडलेल्या असतात, तीन पात्यांचे कोवळे टोक पाहून, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या. ज्या बांधावरून खुडल्या त्या शेताचा मालक त्याबद्दल पैसे घेतो का, असे मी एकीला विचारले. ती हसली. म्हणाली, “उलट म्हणतो, मुळासकट न्या.”